डोकेदुखी टेम्पोची

परवा एक टेम्पोचालक डोकेदुखी, मळमळ घेऊन दवाखान्यात आला. सुट्टीच्या दिवशी मात्र डोके दुखत नसे! मी खोदून विचारले. सीएनजीवरच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याने विकला होता, ऑक्सिजन सेन्सरही काढलेला. त्या जागी बसवलेल्या पाइपचा जोड केबिनखालीच गळत होता.

कन्व्हर्टरमधले प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करतात. सेन्सर धुरातला प्राणवायू मोजतो, त्यावरून इंधनाचे प्रमाण ठरते. तो नसला की इंधन बहुधा जादा जाते, अर्धवट जळते आणि हा वायू वाढतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरतो. इंजिन चालू ठेवून काचा लावून झोपणारे चालक म्हणूनच दगावतात.

मी गोळी लिहून दिली नाही. म्हटले, "आधी गाडी उभी कर, जोड नीट करून घे, दोन्ही वस्तू पुन्हा बसव."