धुराच्या कायद्यानंतरची ट्रान्स ॲम

पॉन्टिॲक फायरबर्ड ट्रान्स ॲम ही अमेरिकी मोटार मार्च १९६९मध्ये बाजारात आली आणि २००२च्या उन्हाळ्यापर्यंत बनत राहिली. १९७२ साली तिच्या इंजिनाची ताकद ३०० हॉर्सपॉवर होती आणि वर्षभरात फक्त १,२८६ गाड्या तयार झाल्या. १९७९मध्ये इंजिनानुसार ही ताकद १५० ते २२० हॉर्सपॉवरपर्यंत उतरलेली होती, आणि त्या वर्षी गाड्या तयार झाल्या १,१७,१०८. धुरावरच्या सरकारी नियमांनी अमेरिकेच्या मसल कारचा गळा घोटला, असे सरसकट म्हटले जाते. ट्रान्स ॲमचा इतिहास या समजाला पुरता बसत नाही, म्हणूनच तो बारकाईने पाहण्यासारखा आहे.

मसल कार म्हणजे मध्यम किंवा लहान आकाराच्या, फार महाग नसलेल्या गाडीत बसवलेले अवाढव्य आठ सिलिंडरचे इंजिन. या प्रकाराची सुरुवात १९६४च्या पॉन्टिॲक जीटीओपासून मानतात. फायरबर्ड ही जनरल मोटर्सच्या याच पॉन्टिॲक विभागाची १९६७ची दोन दारांची गाडी. शेव्हरोले कॅमारो तिची जुळी बहीण. ट्रान्स ॲम ही फायरबर्डची सर्वांत जहाल आवृत्ती. नाव घेतले होते ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’च्या शर्यतमालिकेवरून, आणि त्यासाठी पॉन्टिॲक क्लबला दर गाडीमागे पाच डॉलर देत असे. पहिल्या वर्षी अवघ्या ६९७ गाड्या बनल्या, त्यांतल्या आठ उघड्या टपाच्या. १९७०च्या आरंभी नव्या बांध्याची दुसरी पिढी आली. या लेखाचा विषय मुख्यतः ही दुसरी पिढी आहे, कारण ती १९८१पर्यंत टिकली आणि धुराच्या कायद्याचे सगळे तडाखे तिनेच सोसले.

या कायद्याचे मूळ लॉस एंजेलिसच्या हवेत होते. १९४०च्या दशकात त्या शहरावर डोळ्यांची आग करणारे पिवळट धुके साचू लागले. कॅल्टेक या संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास त्याचा उलगडा केला: पेट्रोलचे न जळलेले अंश, म्हणजे हायड्रोकार्बन, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो. गाड्यांचा धूरच शहराला गुदमरवत होता. कॅलिफोर्नियाने आधी आपले नियम केले. १९६८च्या मॉडेलपासून ते साऱ्या देशाला लागू झाले आणि ३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी स्वच्छ हवेच्या कायद्यावर सही केली. सिनेटर एडमंड मस्की यांच्या पुढाकाराने आलेल्या या कायद्याची मागणी कडक होती. हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड १९७५पर्यंत, तर नायट्रोजनची ऑक्साइडे १९७६पर्यंत नव्वद टक्क्यांनी कमी करायची होती. हे साधायचे कसे, याचे तयार उत्तर त्या दिवशी डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांत कोणाकडेच नव्हते. तरीही मागणी रास्त होती. लाखो माणसांची फुप्फुसे आणि काही हजार गाड्यांचा वेग यांची तुलनाच होऊ शकत नाही.

जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल स्वतः इंजिनीअर होते. धूर स्वच्छ करायचा तर पुढेमागे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवावा लागणार, हे त्यांनी ओळखले होते. पेट्रोलमध्ये मिसळलेले शिसे कन्व्हर्टरमधल्या मौल्यवान धातूंवर बसते आणि त्यांना निकामी करते. म्हणजे शिसे जायलाच हवे. पण शिसे घातले जाई ते ऑक्टेन वाढवण्यासाठी. ते काढले की जास्त दाबाच्या इंजिनात पेट्रोल वेळेआधीच भडकून ठोके बसू लागतात. त्यामुळे १९७१च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या इंजिनांचे कॉम्प्रेशन, म्हणजे हवा-पेट्रोल दाबण्याचे प्रमाण, उतरवले. १९७०च्या ट्रान्स ॲमच्या इंजिनात ते साडेदहास एक होते, १९७१मध्ये ८.४ला एक झाले. (भारतात हीच जोडी १९९५मध्ये आली: मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासोबत शिसेमुक्त पेट्रोलचे पंप सुरू झाले.)

कॉम्प्रेशनची ही घट भरून काढायला पॉन्टिॲकने इंजिनच मोठे केले. ४०० घनइंचांच्या जागी ४५५ घनइंचांचे, म्हणजे सुमारे साडेसात लिटरचे इंजिन आले. कंपनीने त्याची ताकद १९७१मध्ये ३३५ हॉर्सपॉवर सांगितली आणि १९७२मध्ये ३००. इंजिन जवळपास तेच होते, बदलली होती मोजण्याची पद्धत. जुन्या पद्धतीत इंजिन टेबलावर एकटे चालवून मोजत. एअर फिल्टर, सायलेन्सर, अल्टरनेटर यांचा भार त्यावर नसे. नव्या ‘नेट’ पद्धतीत हे सगळे जोडून मोजायचे होते. त्या काळातली ताकदीची घसरण आलेखावर कड्यासारखी दिसते, पण तिचा बराच भाग या मोजपट्टीचा आहे.

१९७२ हे वर्ष ट्रान्स ॲमच्या जिवावरच बेतले होते, आणि त्यात धुराचा काही संबंध नव्हता. ओहायो राज्यातल्या नॉरवुड कारखान्यात १७४ दिवसांचा संप झाला. संप मिटला तेव्हा असेंब्ली लाइनवर अकराशेहून अधिक गाड्या अर्धवट उभ्या होत्या. १९७३पासून बंपरचे नवे नियम लागू होणार होते, त्यांत त्या बसत नव्हत्या. सगळ्या मोडीत काढाव्या लागल्या. शिवाय विमा कंपन्यांनी जोरदार गाड्यांचे, विशेषतः तरुण चालकांचे हप्ते आधीच वाढवले होते. कॅमारो आणि फायरबर्ड दोन्ही बंद करून टाकाव्यात, असा विचार जनरल मोटर्समध्ये सुरू होता.

अशा वेळी पॉन्टिॲकच्या इंजिनीअरांच्या एका छोट्या गटाने ‘सुपर ड्यूटी ४५५’ हे इंजिन काढले. त्या दशकातले अमेरिकेतले हे सर्वांत कसदार इंजिन म्हणता येईल. इंजिन-ब्लॉकच्या आतल्या भिंती जाड केल्या होत्या. क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगांना दोनऐवजी चार बोल्ट होते. कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन घडीव होते. शर्यतीच्या गाड्यांत तेलासाठी वेगळी टाकी लागते, तिची नळी जोडण्याची जागासुद्धा ब्लॉकमध्ये सोडलेली होती. कॉम्प्रेशन मात्र ८.४ला एकच; शिसे नसलेले साधे पेट्रोल त्याला चालत असे. सगळी करामत हवा आत घेण्याच्या आणि धूर बाहेर टाकण्याच्या वाटा मोकळ्या करण्यात होती. सुरुवातीला त्याची ताकद ३१० नेट हॉर्सपॉवर जाहीर झाली. नमुन्याच्या गाडीने मासिकांच्या चाचण्यांत पाव मैलाचे अंतर साडेतेरा सेकंदांच्या आसपास कापले.

नंतर पर्यावरण संरक्षण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे, प्रकरण उपटले. नायट्रोजनची ऑक्साइडे ज्वलनकक्षातल्या प्रचंड उष्णतेने तयार होतात. ती कमी करायला थोडा जळका धूर परत इंजिनात सोडतात. त्यामुळे ज्वाला थंडावते. या योजनेला ईजीआर म्हणतात. ती चालू असताना इंजिन थोडे मरगळते. पॉन्टिॲकने १९७३च्या इंजिनांत ईजीआरला अशी जोड दिली होती, की ठरावीक वेळ गेल्यावर ते आपोआप बंद पडे आणि ती वेळ तपासणीच्या गरजेपुरती बेतलेली होती. तपासणीत इंजिन स्वच्छ ठरे, रस्त्यावर मात्र ते मोकळे धावे. ईपीएच्या हे लक्षात आले आणि मार्च १९७३च्या मध्यापर्यंत ही जोड काढून टाकण्याचा हुकूम निघाला. इतके सुंदर इंजिन बनवणाऱ्या विभागाने असल्या पळवाटेचा आधार घ्यावा, हे खेदाचे आहे. सुपर ड्यूटीला मग सौम्य कॅमशाफ्ट बसवून पुन्हा मान्यता घ्यावी लागली. ताकद २९० हॉर्सपॉवर ठरली आणि गाड्या ग्राहकांच्या हाती पडायला वसंत ऋतू उजाडला. १९७३मध्ये असे इंजिन असलेल्या २५२ ट्रान्स ॲम बनल्या, १९७४मध्ये ९४३. त्यानंतर ते बंदच झाले.

नियमांच्या खुणा इंजिनाबाहेरही दिसत होत्या. ट्रान्स ॲमच्या बॉनेटमधून इंजिनाचे हवा घेणारे नाक वर निघालेले असते. त्याचे तोंड मागे, चालकासमोरच्या काचेकडे वळलेले, आणि ते इंजिनावरच बसवलेले असल्यामुळे पेडल दाबताच इंजिनाबरोबर थरथरते. १९७२पर्यंत पेडल पूर्ण दाबले की त्यातली झडप उघडून बाहेरची थंड हवा कार्ब्युरेटरात जाई. १९७३पासून आवाजाची मर्यादा पाळण्यासाठी ते तोंड बुजवले गेले. नाक थरथरत राहिले, पण त्यातून हवा जात नव्हती. नेमके त्याच वर्षी त्याच्याभोवती पंख पसरलेला भलामोठा अग्निपक्षी आला. डिझाइन विभागाचे प्रमुख बिल मिचेल यांनी ही कल्पना आधी झिडकारली होती. जॉन शिनेला यांनी ती चिकाटीने मंजूर करून घेतली. ट्रान्स ॲमचे पुढचे आयुष्य या चित्रात दिसून येते: इंजिनातून जे वजा होत होते, ते रूपात जमा होत होते.

ऑक्टोबर १९७३मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले. पंपांवर रांगा लागल्या आणि महामार्गांवरची वेगमर्यादा देशभर ताशी ५५ मैलांवर आली. १९७४ संपेपर्यंत प्लिमथ बाराकुडा, डॉज चॅलेंजर आणि एएमसी जॅव्हेलिन बंद झाल्या होत्या. मस्टँग छोट्या पिंटोच्या सांगाड्यावर जाऊन बसली होती आणि त्या वर्षी तिला आठ सिलिंडरचे इंजिनच मिळत नव्हते. कॅमारोची जहाल झी-२८ आवृत्तीही थांबली. जोरकस दिसणारी आणि बऱ्यापैकी पळणारी अमेरिकी गाडी घ्यायची, तर मैदानात कॉर्व्हेट सोडून जवळजवळ एकटी ट्रान्स ॲमच उरली.

१९७५मध्ये कन्व्हर्टर आला. जनरल मोटर्सचा कन्व्हर्टर म्हणजे गाडीच्या पोटाखालचा पसरट पोलादी डबा. आत ॲल्युमिनाचे बारीक दाणे आणि त्यांवर प्लॅटिनम व पॅलेडियमचा थर. तापलेल्या दाण्यांवरून धूर गेला की न जळलेले पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड तिथेच जळून जाते. हा डबा एकच असल्यामुळे दोन्ही बाजूंचा धूर एका नळीत आणावा लागला आणि खऱ्या अर्थाने दुहेरी एक्झॉस्ट संपला. मागे दोन तोंडे दिसत, पण ती डब्यानंतर फुटलेली असत. पेट्रोल टाकीचे तोंड अरुंद करून आत झाकण बसवले, म्हणजे शिसेवाल्या पंपाची जाड नळी आत जाऊ नये. अनेक मालकांनी ते तोंड ठोकून मोठे केले, डबा काढून सरळ नळी जोडली. या उद्योगाने गाडीचा वेग थोडा वाढला असेल, पण शिसे आणि विषारी वायू पुन्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या श्वासात गेले.

कन्व्हर्टरवरचा राग बहुतांशी अनाठायी होता. आधीच्या दोन-तीन वर्षांत धूर कमी करण्याचे सगळे ओझे इंजिनावरच पडले होते: ठिणगी उशिरा टाकायची, मिश्रण पातळ ठेवायचे, ईजीआर चालू ठेवायचे. त्यामुळे गाड्या आचके देत आणि पेट्रोल पीत. डब्याने बाहेर सफाई सुरू केल्यावर इंजिनाला पुन्हा नीट जुळवता आले. आकडा मात्र केविलवाणा होता: ४०० घनइंचांच्या इंजिनातून १८५ हॉर्सपॉवर, आणि वर्षाच्या मध्यात परतलेल्या साध्या ४५५मधून २००. तरीही त्या वर्षी २७,२७४ ट्रान्स ॲम बनल्या, पुढच्या वर्षी ४६,७०१. १९७६मध्ये पॉन्टिॲकच्या पन्नाशीनिमित्त काळ्या रंगावर सोनेरी पट्ट्यांची आवृत्ती निघाली. मे १९७७मध्ये हॅल नीडहॅम दिग्दर्शित ‘स्मोकी अँड द बँडिट’ या चित्रपटात बर्ट रेनॉल्ड्स तशीच काळी-सोनेरी गाडी उधळताना दिसला, आणि मागणी कारखान्याच्या आवाक्याबाहेर गेली. १९७७मध्ये ६८,७४५ गाड्या, १९७८मध्ये ९३,३४१.

हे यश केवळ सिनेमाचे आणि पक्ष्याचे नव्हते. पॉन्टिॲकच्या इंजिनीअरांनी आपले लक्ष सरळ रस्त्यावरून वळणावर नेले होते. १९७८च्या ‘डब्ल्यूएस-६’ पॅकेजमध्ये आठ इंच रुंद चाके, मागचा जाड अँटी-रोल बार आणि अधिक तत्पर स्टिअरिंग मिळे. १९७९मध्ये चारही चाकांना डिस्क ब्रेक आले. ४०० घनइंचांचे इंजिनही घासूनपुसून २२० हॉर्सपॉवरवर आणले गेले. कॅलिफोर्नियाच्या कडक मर्यादेत मात्र ते बसेना. तिथे ओल्ड्समोबिलचे ४०३ घनइंचांचे, १८५ हॉर्सपॉवरचे इंजिन द्यावे लागे, आणि दोन्ही गाड्यांवर आकडा मात्र ‘६.६’ हाच. पॉन्टिॲकच्या चाहत्यांना हा फरक आजही खुपतो.

मोठ्या इंजिनाचा शेवट खऱ्या अर्थाने दुसऱ्याच कायद्याने केला. डिसेंबर १९७५च्या ऊर्जा कायद्यानुसार प्रत्येक कंपनीच्या सगळ्या मोटारींचे सरासरी मायलेज १९७८मध्ये गॅलनला १८ मैल आणि १९८५पर्यंत २७.५ मैल व्हायला हवे होते. साडेसहा लिटरच्या इंजिनाला या हिशेबात जागा नव्हती. १९७९च्या ट्रान्स ॲममध्ये पॉन्टिॲकची ४०० घनइंची इंजिने बसली ती शिल्लक साठ्यातली. इराणच्या क्रांतीनंतर पेट्रोल पुन्हा महागले. १९८०च्या गाडीत टर्बो लावलेले ४.९ लिटरचे, २१० हॉर्सपॉवरचे इंजिन आले. आकडा बरा, पण गाडी मंद. उत्पादन ५०,८९६वर घसरले. १९८१मध्ये संगणकाने नियंत्रित होणारा कार्ब्युरेटर, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आणि तिन्ही वायू साफ करणारा कन्व्हर्टर ही जोडणी आली. त्याच वर्षी पॉन्टिॲकने आपली आठ सिलिंडरची इंजिने बनवणे थांबवले, आणि दुसऱ्या पिढीची गाडीही संपली.

१९७०मध्ये अशक्य वाटणारी मर्यादा याच जोडणीने आवाक्यात आणली, आणि ताकदही तिच्यामुळेच परतली. सेन्सर आणि संगणक पेट्रोलचे प्रमाण क्षणोक्षणी राखू लागल्यावर स्वच्छ धूर आणि जोर यांत निवड करण्याची वेळ उरली नाही. १९८९च्या वर्धापनदिनाच्या ट्रान्स ॲममध्ये सहा सिलिंडरच्या ३.८ लिटरच्या टर्बो इंजिनाने २५० हॉर्सपॉवर दिली. १९९८मध्ये ॲल्युमिनियमचे ५.७ लिटरचे एलएस-१ इंजिन आले ते ३०५ हॉर्सपॉवरसह, म्हणजे सुपर ड्यूटीपेक्षा पंधराने जास्त आणि आकाराने पावणेदोन लिटर कमी. शेवटच्या, २००२च्या ट्रान्स ॲमची डब्ल्यूएस-६ आवृत्ती ३२५ हॉर्सपॉवरची होती. तिच्या बॉनेटवरच्या नाकपुड्यांतून पुन्हा हवा आत जात होती, आणि एक्झॉस्टमध्ये कन्व्हर्टर होतेच. ऑगस्ट २००२मध्ये कॅनडातला सेंत-तेरेझ कारखाना बंद झाला आणि कॅमारोबरोबर फायरबर्डचेही उत्पादन थांबले. या वेळी कारण धुराचे नव्हते, ग्राहक घटले होते.