स्टॅबिलायझर विकताना गिऱ्हाइकाला काय सांगाल?

"भाई, या सेटसोबत स्टॅबिलायझर घ्यावा काय? आवाज सुधारेल काय?" अ‍ॅम्प्लिफायर किंवा होम थिएटर नेणारा गिऱ्हाईक हा प्रश्न हमखास विचारतो. "घ्या, आवाज एकदम मोकळा होईल," असे म्हटले की एक नग जास्त खपतो. पण महिन्याभराने तोच गिऱ्हाईक "घरघर तशीच आहे" म्हणत परत आला, तर दुकानाची पत जाते. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली भागांत रेडिओ-साऊंडचा धंदा व दुरुस्ती करणाऱ्या आमच्या बंधूंसाठी हा खुलासा.

आवाज सुधारतो काय?

सॉकेटमधील २३० व्होल्टची वीज सेटमध्ये गेल्यावर ट्रान्सफॉर्मर, डायोड व मोठे कपॅसिटर तिचे डीसीत रूपांतर करतात. आवाज त्या डीसीवर तयार होतो. म्हणजे विजेची सफाई चांगल्या सेटमध्ये आतच होते. बाहेर २२० असो की २३५, कानाला फरक कळत नाही. ज्या सेटच्या मागे १०० ते २४० व्होल्ट लिहिले आहे, त्याला तर कमी दाबाचीही फारशी फिकीर नसते.

साधा ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटचे मात्र वेगळे आहे. दाब १८० वर उतरला, तर १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम ६० वॅट देतो. हळू आवाजात ते जाणवत नाही. आवाज पूर्ण वाढवला की तो फाटतो. येथे स्टॅबिलायझरचा खरा उपयोग होतो.

घरघर कुठून येते?

सतत घरघर येत असेल तर आधी अर्थिंग पाहावे. अ‍ॅम्प्लिफायर एका सॉकेटवर, टीव्ही दुसऱ्यावर, आणि दोघांना जोडणारी ऑडिओ वायर, अशा मांडणीत अर्थचा फेरा तयार होऊन घरघर येते. दोन्ही वस्तू एकाच बोर्डावर घेतल्या की बहुतेकदा ती थांबते. घरघर घालवण्यासाठी अर्थची पिन तोडणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. हे जिवाशी खेळणे आहे. कधीही करू नये. शेजारी भांड्यांची पॉलिश मोटर किंवा वेल्डिंग चालू असेल आणि स्पीकरमध्ये टकटक येत असेल, तर फिल्टर असलेला स्पाइक गार्ड कामी येतो.

सेट कशाने जळतो?

नियमानुसार घरगुती विजेचा दाब ६ टक्के वर-खाली चालतो, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. उन्हाळी धानाच्या हंगामात जिथे घरे व शेतीपंप एकाच वाहिनीवर आहेत, तिथे तो याहून खाली जातो. त्याहून मोठा धोका न्यूट्रल तुटण्याचा. थ्री फेज लाइनचा न्यूट्रल तुटला की काही घरांत दाब ४०० व्होल्टच्या जवळ पोहोचू शकतो. ज्याच्याकडे भार कमी, त्याच्याकडे दाब जास्त. अशा वेळी हाय-कट नसलेला स्वस्त स्टॅबिलायझर काहीच वाचवत नाही. आणि वीज कडाडू लागली की प्लग व अँटेनाची वायर काढून ठेवणे, यासारखा दुसरा उपाय नाही.

दुकानदाराने काय करावे?

गिऱ्हाइकाला आधी वायरमनकडून अर्थिंग व न्यूट्रल तपासून घ्यायला सांगावे. संध्याकाळी, भार जास्त असताना, दाब मोजायला लावावा. तो नेहमी २१६ ते २४४ मध्ये असेल, तर स्पाइक गार्डवर भागते. वारंवार बाहेर जात असेल तर हाय व लो कट असलेला स्टॅबिलायझर द्यावा. त्याची क्षमता सर्व वस्तूंच्या वॅटच्या बेरजेच्या दीडपट धरावी. ३५० वॅटच्या सेटला एक केव्हीए भरपूर झाला. रिले बदलताना त्यात टक असा आवाज होतो, हेही आधीच सांगून टाकावे.

आवाज वाढवायचा असेल तर तोच पैसा चांगल्या स्पीकरला लावा, असे सांगणाऱ्या दुकानदाराचा एखादा नग कमी खपेल. पण पुढच्या लग्नाच्या सीझनला तोच गिऱ्हाईक शेजाऱ्याला घेऊन येईल. धंद्यात यापेक्षा मोठा नफा आम्हाला ठाऊक नाही.