रेणूएवढी मेमरी आणि भाताचं खाचर



पालीतल्या आमच्या एका मैत्रिणीची लेक नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं विषय घेतला, रेणूएवढी मेमरी. घरचे म्हणाले, त्यापेक्षा गांडूळखत कर, बक्षीस तरी मिळेल. ती ऐकेना. मग आम्हीच तिच्याकडून समजून घ्यायला बसलो.

मोबाइलचं मेमरी कार्ड नखाएवढं. त्यात फोटो, गाणी, सगळं साठतं ते ‘हो’ आणि ‘नाही’ या दोनच खुणांत. ८ जीबीच्या कार्डात अशा सुमारे ६,४०० कोटी खुणा मावतात. पोरीनं कार्ड पट्टीनं मोजलं, १५ बाय ११ मिलिमीटर, आणि भागाकार केला. एका चौरस मिलिमीटरला जवळजवळ ३९ कोटी!

एकेक खूण म्हणजे भाताचं एकेक खाचर समजा. भरलेलं म्हणजे हो, कोरडं म्हणजे नाही. पाण्याच्या जागी इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात, म्हणून मोबाइल बंद केला तरी फोटो राहतात. जास्त साठवायचं तर खाचरं लहान करायची. पण बांध फार पातळ झाला की पाणी झिरपतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कार्डातही तेच होतं.

म्हणून शास्त्रज्ञ थेट रेणूलाच कामाला लावू पाहतात. रेणूत एखादा इलेक्ट्रॉन आला-गेला की त्यातून वीज सहज जाते किंवा अडते. तीच त्याची आठवण. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला २०१६ मध्ये तर सुटे अणू मांडून एक किलोबाइट साठवलं, पण उणे १९६ अंश थंडीत. तेवढी थंडी आपल्या वेल्ह्यातही पडत नाही! बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं २०२४ मध्ये रेणूंच्या पातळ थरात १६,५०० वेगवेगळ्या पायऱ्या दाखवल्या. म्हणजे खाचर भरलंय की कोरडं एवढंच नाही, पाणी किती चढलंय तेही लक्षात राहतं.

असा थर शाळेत बनणार नाही, हे पोरीलाही ठाऊक आहे. ती खाचरांचं मॉडेल करतेय, मातीचे बांध घालून. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत शाळेमार्फत कल्पना पाठवता येते. निवड झाली तर प्रयोगासाठी १० हजार रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. हिचं खातंच नाही. सोमवारी आई तिला घेऊन बँकेत जाणार आहे.