वडापचा परवाना

प्रवासी वाहनास परवाना का लागतो, हा प्रश्न बेळगाव-निपाणी भागात अधिकच बिकट होतो. कारण तेथील माणसाच्या नित्याच्या वाटेवरच राज्याची सीमा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि कोल्हापूर-निपाणी-बेळगाव हा रस्ता एकाच राज्याच्या अमलाखाली होता. त्या दिवसापासून कागल व कोगनोळी यांच्या दरम्यान अंमल बदलला. बाजारहाट व सोयरीक मात्र पूर्ववत राहिली.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दोन मुख्य वर्ग आहेत. टप्पा वाहतुकीत प्रत्येक प्रवाशाचे भाडे निराळे असते व वाटेत चढता-उतरता येते; एस.टी.ची गाडी या वर्गातली. कंत्राटी वाहतुकीत सबंध गाडी ठरवावयाची आणि वाटेत परके प्रवासी घ्यावयाचे नाहीत. कोल्हापूरकडे जिला 'वडाप' म्हणतात ती जीप या दोहोंच्या मधोमध उभी असते. सहापर्यंत प्रवाशांच्या टॅक्सीने माणशी भाडे घेतले, तरी कायदा तिला कंत्राटी वर्गातच धरतो. बारापर्यंत प्रवासी नेणारी मॅक्सी कॅबही त्याच वर्गात येते. परंतु परवान्यातून सुटका कोणाचीच नाही.

शिवाय एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. त्यावर तेथील अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागते. रस्त्याची दोन्ही टोके एकाच राज्यात असून मधला सोळा किलोमीटरपर्यंतचा तुकडा परराज्यातून जात असेल, तर मात्र कायदा ही अट शिथिल करतो. कोल्हापूर-निपाणी वाटेस ही सवलत लागू नाही, कारण तिची टोके दोन राज्यांत आहेत.

हा केवळ कागदाचा खेळ नव्हे. परवान्याविना वाहन चालविणे हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले. त्या प्रकरणी विमा कंपनीने भरपाई आधी द्यावी व मग मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग निघाला. पण भाडे घेणाऱ्या खाजगी गाडीतील प्रवाशाच्या कुटुंबास भरपाईसाठी दीर्घकाळ झगडावे लागण्याचा धोका राहतोच.

वेळेवर एस.टी. न मिळणाऱ्या गावाला वडाप ही गरज आहे, हेही तितकेच खरे. तिच्याकडे डोळेझाक करणे किंवा तिला सरसकट हुसकावणे, हे दोन्ही उपाय अपुरे होत. दोन्ही राज्यांनी सामोपचाराने परवाने वाढविले, तरच गरज भागेल आणि प्रवाशाचा हक्कही सुरक्षित राहील. तोवर प्रवाशाने निदान गाडीची पाटी पाहावी: पिवळ्या पाटीवरील काळे अक्षर हे भाड्याच्या गाडीचे चिन्ह, पांढरी पाटी खाजगी गाडीची.