समुद्र लांब, तरी जलविमान करता येतं! ज्वारीच्या ताटापासून अनोख्या मॉडेलपर्यंत

परंडा : दिवाळीच्या सुट्टीत अंगणात मातीचा किल्ला करायचा, बुरूज रचायचे, खंदक काढायचा, हे महाराष्ट्रातल्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. परंड्यात तर खराखुरा भुईकोट गावातच उभा आहे. मोठी वस्तू ठरावीक प्रमाणात लहान करणं म्हणजे स्केल मॉडेल. याच छंदाची एक शाखा जगभर जोपासली जाते, ती म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या विमानांची मॉडेल. त्यातही आजवर कुणी न बांधलेलं, आपल्या डोक्यातून निघालेलं जलविमान करण्यात वेगळी गंमत आहे. मात्र 'काल्पनिक' म्हणजे 'काहीही' नव्हे. पाण्याचे नियम पाळले तरच ते विमान पटतं.

जलविमान म्हणजे नेमकं काय?

याचे दोन मुख्य प्रकार. पहिल्यात साध्या विमानाच्या चाकांच्या जागी दोन लांबट तरंगे बसवलेले असतात. दुसऱ्यात विमानाचं पोटच होडीसारखं असतं, म्हणून त्याला उडती बोट म्हणतात. ज्याला चाकंही असतात आणि जे जमिनीवरही उतरतं, ते उभयचर.

फ्रान्सच्या आंरी फाब्र यांनी 28 मार्च 1910 रोजी स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर पाण्यावरून विमान उडवलं. त्यानंतर तीस वर्षांच्या आत लंडनकडून येणाऱ्या उडत्या बोटी कराचीमार्गे राजस्थानातल्या राजसमंद तलावावर आणि ग्वाल्हेरला उतरू लागल्या होत्या. म्हणजे समुद्रच लागतो असं नाही, पुरेसा लांब आणि खोल तलावही चालतो. आपल्या राज्यात 2014 मध्ये मुंबईच्या जुहूहून लोणावळ्याजवळच्या पवना धरणापर्यंत जलविमान सेवा सुरू झाली होती, पण ती फार टिकली नाही. गुजरातमध्ये 31 ऑक्टोबर 2020 रोजी साबरमती ते केवडिया अशी सेवा सुरू झाली.

विचित्र आकार, पण कारणासह

जलविमानं दिसायला चमत्कारिक असतात. त्या प्रत्येक चमत्कारिकपणामागे पाणी असतं.

पहिली गोष्ट, पोटाखालची पायरी. ओल्या फरशीवर ठेवलेलं सपाट ताट उचलताना चिकटून बसतं, हा अनुभव घरोघरी आहे. तसंच पाणी विमानाचं पोट धरून ठेवतं. म्हणून होडीच्या तळाला मध्यावर एक खाच, म्हणजे पायरी ठेवतात. वेग वाढला की पाणी त्या पायरीपाशी तुटतं, मागचा भाग मोकळा होतो आणि विमान पाण्यावर घसरू लागतं. चपटी ठिकरी जोरात फेकली की पाण्यावरून टप्पे घेत जाते, तोच हा प्रकार. ही पायरी विमानाच्या तोलाच्या जागेच्या किंचित मागे असावी लागते.

दुसरी गोष्ट, उंचावरची इंजिनं. पाण्याचे तुषार पंख्यावर बसले की पाती खराब होतात, म्हणून इंजिनं पंखावर किंवा पंखाच्याही वर खांबांवर बसवतात.

तिसरी गोष्ट, कलंडू न देणारा आधार. अरुंद होडी डुलते. त्यामुळे पंखांच्या टोकाशी छोटे तरंगे किंवा पोटाला दोन्ही बाजूंनी आडवे फलक लावतात.

हे नियम माहीत असूनही माणसांनी अचाट विमानं बांधली. इटलीच्या काप्रोनी यांच्या उडत्या बोटीला तब्बल 9 पंख आणि 8 इंजिनं होती. 100 प्रवासी नेण्याचा बेत होता. 4 मार्च 1921 रोजी ती माज्जोरे सरोवरावरून उठली आणि लगेच पाण्यात कोसळली. जर्मनीच्या डॉर्निअर डो-एक्सला 12 इंजिनं होती. 21 ऑक्टोबर 1929 रोजी या विमानाने 169 जणांना घेऊन उड्डाण केलं. अमेरिकेतलं ह्यूज यांचं 'हर्क्युलिस' बहुतांश लाकडाचं, पंखांचा पसारा सुमारे 97.5 मीटर. ते 2 नोव्हेंबर 1947 रोजी एकदाच, जेमतेम दीड किलोमीटर उडालं. अमेरिकेच्याच 'सी डार्ट' या जेट लढाऊ विमानाला पाण्यावर घसरण्यासाठी चक्क स्की होत्या. काल्पनिक मॉडेल करणाऱ्यांना कल्पना मिळतात त्या अशाच विमानांकडून.

मापाचं गणित इथेच चुकतं

मॉडेलसाठी 1:72 आणि 1:144 ही मापं सर्रास वापरतात. 1:72 म्हणजे खऱ्या विमानाचे 72 सेंटिमीटर तिथे मॉडेलवर 1 सेंटिमीटर. डो-एक्सच्या पंखांचा पसारा 48 मीटर होता. तो 1:72 मापात सुमारे 67 सेंटिमीटर होतो आणि 1:144 मापात त्याच्या निम्मा. 'हर्क्युलिस' 1:72 मध्ये करायचं तर 135 सेंटिमीटर जागा लागेल, म्हणजे घरातलं टेबलही पुरायचं नाही.

लांबी 72 पटीने कमी होते, पण वजन 72 गुणिले 72 गुणिले 72 इतक्या पटीने, म्हणजे पावणेचार लाख पटीने कमी व्हायला हवं. साबरमतीवर उतरलेल्या ट्विन ऑटर जातीच्या विमानाचं भरलेलं वजन साधारण 5,670 किलो असतं. मग 1:72 मॉडेलचं वजन किती हवं? फक्त 15 ग्रॅम! मॉडेल याहून जड झालं की खऱ्या विमानापेक्षा जास्त बुडतं, तरंगे पाण्याखाली जातात आणि सगळी शोभा जाते. मातीचं किंवा प्लास्टरचं मॉडेल दिसायला सुंदर झालं तरी पाण्यावर नापास होतं ते यामुळेच.

हा पोरखेळ मानायचं कारण नाही. 1916 मध्ये सुरू झालेल्या आणि आता पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेत धरणं आणि बंदरांची लहान मापातली मॉडेल करून त्यात पाणी सोडून तपासणी होते. बांधकामावर कोट्यवधी खर्च करण्याआधी चूक मॉडेलवर सापडलेली बरी, हा त्यामागचा हिशेब.

साहित्य शेतातच आहे

परदेशी छंदी लोक बाल्सा नावाचं हलकं लाकूड वापरतात. आपल्याकडे ज्वारीचं वाळलेलं ताट आहे. वरची साल काढली की आत पांढरा, हलका भेंड मिळतो. याच साल-भेंडाच्या बैलगाड्या करून जुन्या पिढीने खेळ केला आहे. साल पंखांच्या काड्यांना, भेंड पोटाला आणि तरंग्यांना. सालीची धार बोट कापते, तेव्हा लहान मुलांना ती सोलू देऊ नये.

एक भेंड अरुंद पडतो, म्हणून तीन-चार भेंड शेजारी शेजारी चिकटवून रुंद पोट करावं. मग बारीक पॉलिश पेपरने घासून तळाला उतार द्यावा आणि पायरी कोरावी. भेंड पाणी पितो. त्यामुळे बाहेरून मेणबत्तीच्या मेणाचा पातळ हात द्यावा. पंखांना लग्नपत्रिकेचा जाड कागद चालतो, आणि इंजिनांना संपलेल्या पेनांची टोपणं. थर्माकोल वापरत असाल तर स्प्रेचा रंग आणि काही चिकट द्रव्यं त्याला वितळवतात, म्हणून आधी तुकड्यावर करून बघावं.

कल्पना कुठून काढायची?

आधी विमानाचं काम ठरवा, आकार आपोआप सुचतो. परंडा तालुक्याचंच उदाहरण घेऊ. सीना-कोळेगाव, खासापुरी, चांदणी हे प्रकल्प पाऊस चांगला झाला की भरतात आणि दुष्काळात उघडे पडतात. मग पाणी असताना पाण्यावर आणि आटल्यावर गाळावरही उतरेल असं रुग्णवाहिका विमान कसं दिसेल? पोट रुंद आणि सपाट लागेल, कारण अरुंद पोट चिखलात रुतेल. तळाला घसरपट्टी लागेल. इंजिनं उंच लागतील, कारण इथे तुषारांसोबत चिखलही उडणार. स्ट्रेचर आत घेण्यासाठी दार पाण्याच्या पातळीच्या वर, शेपटाकडे लागेल. असं विमान जगात कुठे नसेल, पण त्यातला एकही भाग उगाच नाही.

चाचणी टबातच, शेततळ्यावर नको

मॉडेल झालं की आधी पंखाखाली दोन बाजूंनी दोन बोटं लावून उचला. बोटं पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर असावीत. नाक खाली गेलं तर शेपटाकडे, शेपूट खाली गेलं तर नाकात चिमूटभर माती लावून तोल साधा. मग कपडे धुण्याच्या टबात सोडा. एका अंगाला कलंडतंय का, पायरी कुठवर बुडतेय, दोरा बांधून ओढल्यावर नाक पाण्यात घुसतंय का, हे पाहा आणि वहीत लिहून ठेवा.

चाचणीसाठी मुलांना शेततळ्यावर, विहिरीवर किंवा धरणाच्या काठावर अजिबात पाठवू नका. शेततळ्याचा प्लास्टिक कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, पोहता येणाऱ्यालाही वर येणं अवघड जातं. 15 ग्रॅमच्या विमानासाठी तीन-चार इंच पाणी भरपूर झालं.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवायचं असेल तर मॉडेलशेजारी ती वहीही ठेवावी. बाजारातून आणलेलं चकचकीत मॉडेल नजरेत भरतं, पण पायरी इथेच का, या प्रश्नाला उत्तर देता येतं ते ज्याचं पहिलं विमान टबात उलटलं होतं त्यालाच.