डोक्याला मार लागलेल्या वडिलांना घरी सांभाळताना



ट्रॉलरवर पडून डोक्याला मार लागलेले वडील घरी आले, टाके सुकले, की आपल्याला वाटतं बरे झाले. पण मेंदू सावरायला महिने, कधी वर्षंही लागतात. ते चिडतात, नावं विसरतात, लगेच थकतात. तो हट्ट नव्हे, दुखापतच आहे. वाद घालू नका. टीव्ही बंद करून एका वेळी एकच गोष्ट सांगा. जमेल तेवढं जाळं शिवायला द्या, मध्ये झोपू द्या. दारू पूर्ण बंद.

फिट येऊ शकते. पाण्यात ती जिवावर बेतते, म्हणून डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्यांना होडीवर नेऊ नका. उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी दिसली तर लगेच १०८ ला फोन करा.

आणि आईलाही आळीपाळीने विश्रांती द्या.