मी एक खादाड सोलापूरकरीण

तुमच्या कधी लक्षात आलंय का? पुरुषाला चार पदार्थांची चव कळली, की आपण कौतुकानं त्याला 'खवय्या' म्हणतो. बाईला कळली, तर ती 'खादाड'! म्हणून मैत्रिणींनो, मी आधीच कबूल करून टाकते, की मी खादाड आहे. पहिला घास कुठून घ्यायचा याचा विचार मी ताट वाढता वाढताच करत असते, आणि दुपारी जेवताना रात्री काय करायचं ते ठरवते. यात चोरून ठेवण्यासारखं काय आहे, हे मला अजून समजलेलं नाही.

माझं माहेर कोकणातलं. दोन्ही वेळा भात खाणारी माणसं आम्ही. १९८१ साली लग्न होऊन सोलापूरला आले, आणि पहिल्याच आठवड्यात ताटात अशी भाकरी पडली, की बोट लागताच ती पापडासारखी वाजली. मी हळूच जाऊबाईंना विचारलं, "शिळी आहे का हो?" त्या इतक्या हसल्या, की पाठोपाठ सगळं घर हसलं. ती कडक भाकरी होती. मुद्दाम कडक केलेली. आमटीत कुस्करायची, वरून शेंगाचटणी घ्यायची, कच्चा कांदा बुक्कीनं फोडायचा. मला त्या दिवशी दातांची काळजी वाटली, आणि खरं सांगते, थोडी कीवही वाटली. मनात आलं, या लोकांनी अजून केक पाहिलेला नाही.

केक तेव्हा माझ्या डोक्यात भरला होता. मासिकांतून पाककृती कापून मी वहीत चिकटवत असे. पहिला केक कुकरमध्ये वाळू घालून केला, शिट्टी आणि रबर काढून. तो बरा झाला. मग हौस वाढली आणि झाकणाला काचेची खिडकी असलेला गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन घरात आला. त्यात केलेला केक वरून काळा, आतून कच्चा, आणि मधोमध विहिरीसारखा खचलेला! चूक ओव्हनची नव्हती. फुगला का हे बघायला मी दर पाच मिनिटांनी झाकण उघडत होते. आतला फेस घट्ट व्हायच्या आधीच गार वारा लागला, की केक बसतो. हे मला पुढे कळलं, पण तोवर तीन केक गाईला घालून झाले होते.

खरं भाजणं शिकले ते बेकरीत. मे महिन्यात बिस्किटं पाडून आणायची चाल तुमच्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. घरून मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा न्यायचा, मोकळे डबे न्यायचे, आणि नंबर लावून बसायचं. कारागीर आपलंच पीठ मळून पत्र्यांवर बिस्किटं पाडत असे, आणि भट्टीतून पत्रे बाहेर आले, की सगळ्या बायका आपापला पत्रा ओळखायला उठत. दोन दोन तास सहज जायचे. पण घरकामातून असे हक्काचे दोन तास मिळायचे ते तिथंच! शेजारी तेलुगू बोलणारी पूर्व भागातली विणकराघरची बाई, पलीकडे अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी. आमच्या गप्पा तिन्ही भाषांत चालत आणि विषय एकच, जेवण. मी जिला भाकरी म्हणत होते, तिला एक जोन्न रोट्टे म्हणत होती, दुसरी जोळद रोट्टी. पीठ तिघींचं तेच, ज्वारीचं.

एकदा मी कारागिराला विचारलं, टोस्ट एवढे दिवस टिकतात कसे? तो म्हणाला, "बाई, ते दोनदा भाजतात. आधी पाव भाजायचा, मग काप करून उतरत्या भट्टीत सुकवायचे. पाणी गेलं, की बिघडायला काही उरत नाही."

घरी येऊन मी हे मोठ्या शहाणपणानं सासूबाईंना ऐकवलं. त्या ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग आमची कडक भाकरी दुसरं काय आहे गं? आधी तव्यावर, मग चुलीच्या आराला. तीही दोनदाच भाजतो की!"

मी गप्प झाले. पुढं कधीतरी वाचनात आलं, की 'बिस्किट' या शब्दाचं मूळ लॅटिनमधलं असून त्याचा अर्थच मुळी 'दोनदा भाजलेलं' असा आहे. जुन्या काळी महिनोन् महिने समुद्रावर जाणारे खलाशी असली कडक बिस्किटं बरोबर घेत. म्हणजे मी ज्या बिस्किटासाठी बेकरीत नंबर लावत होते, ते माझ्याच स्वयंपाकघरात परडीत रचून ठेवलेलं होतं!

ही भाकरी सोलापूरची का, तेही सासूबाईंकडूनच समजलं. इकडे पाऊस बेताचा, आणि रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. मालदांडी ही इथली लाडकी जात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दुष्काळात दामाजीपंतांनी धान्याची कोठारं लोकांना खुली केली ती कथा याच मंगळवेढ्याची. शेतावर किंवा प्रवासाला जाताना आठवड्याची भाकरी एकदम करून ठेवली, की सरपण वाचतं, वेळ वाचतो आणि पीठही वाया जात नाही. १९७२ च्या दुष्काळात मात्र ज्वारीच मिळेना. तेव्हा रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळायची. "थापता थापता तुटायची," सासूबाई सांगत, "पण तीही कडक करून ठेवली आम्ही. रोज चूल पेटवायला सरपण कुठून आणायचं?" त्यानंतर मी कडक भाकरीची कीव केली नाही.

पण सासूबाईंची एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. आधी मुलं, मग पुरुष, मग आलागेला, असं सगळ्यांचं होऊन दुपारचे दोन वाजले, की त्या मागच्या दाराच्या उंबऱ्याशी बसत. पितळी ताटलीत कडक भाकरी मोडत, वर शेंगाचटणी, त्यावर कच्चं तेल आणि दह्याचा गोळा. सावकाश, एकेक तुकडा वाजवत खात. मला वाटायचं, उरलंसुरलं खातायत बिचाऱ्या. एकदा भाजी-पोळी भरपूर उरली होती, तरी त्यांनी भाकरीच घेतली. मी विचारलं, तर म्हणाल्या, "दिवसभर तुमच्या आवडीचं करते. हे माझ्या आवडीचं." दुसऱ्या दिवसापासून मी माझी ताटली घेऊन त्यांच्या शेजारी बसू लागले. त्यांनी काही न बोलता थोडं सरकून जागा केली.

ती चटणीही मी तिथंच शिकले. दाणे मंद आचेवर, साल सुटेपर्यंत भाजायचे. लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून उखळात कुटायचे. मिक्सरमध्ये घाईनं फिरवलं, तर होतं ते दाण्याचं कूट. पातं दाणा कापतं, बत्ता तो चिरडतो. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, ते चिरडल्यावर सुटतं आणि चटणी आपोआप ओलसर होते. मिक्सरशिवाय गत्यंतर नसेल, तर थांबत थांबत फिरवा आणि शेवटी खलबत्त्यात दहा मिनिटं घाला.

आणि माझा तो ओव्हन? एकदा केक काढून झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, "गरम आहे ना अजून? घाल की दोन भाकऱ्या!" बेकरीवाल्याची उतरती भट्टी त्यांनी मनात धरून ठेवली होती. भाकऱ्या इतक्या सुंदर निघाल्या, की केकाकडे कुणी पाहिलंच नाही.

तुम्हीही करून बघा. पीठ ताजं हवं. पीठ जुनं झालं, विरी गेली, की भाकरी थापताना फाटते. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून पाणी उकळतं घ्या. चिमूटभर मीठ घाला, तळहातानं चांगलं मळा, आणि नेहमीपेक्षा पातळ थापा. तव्यावर दोन्ही बाजू भाजताना फुगू देऊ नका, फडक्यानं दाबत राहा. मग मंद आचेवर ठेवा, नाहीतर उष्णता ठरवता येणारा ओव्हन असेल तर १३० अंशांवर वीसेक मिनिटं. मध्ये एकदा उलटा. डाग पडू द्यायचे नाहीत, फक्त पाणी घालवायचं. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरली तर वाफ धरते आणि सगळी मेहनत वाया जाते.

ज्वारीचा केक मात्र माझा फसला. चिवटपणा नाही, तर फुगवटा धरणार कोण? पण नानकटाईला चिवटपणा नकोच असतो, तिथं ज्वारी शोभते. एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, पाऊण वाटी घट्ट तूप, पाऊण वाटी पिठीसाखर, चिमूटभर सोडा, वेलची. तूप-साखर हलकी होईपर्यंत फेसा, मग पिठं मिसळा आणि चपटे गोळे करून १६० अंशांवर वीस मिनिटं भाजा. गरम असताना मऊ लागतील, घाबरून पुन्हा आत ढकलू नका. गार झाल्या, की आपोआप खुसखुशीत होतात. २०२३ साल जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा माझ्या सुनेनं या नानकटाया ऑफिसात नेल्या आणि डबा रिकामा घेऊन आली.

ती पुण्याची आहे. सुरुवातीला तिनंही मला हळूच विचारलं होतं, "आई, ही भाकरी शिळी आहे का?" आता सुट्टीच्या दिवशी दोन वाजता ती आपली ताटली घेऊन येते, आणि मी थोडी सरकते. कडक भाकरीचा डबा भराल तेव्हा चार भाकऱ्या वेगळ्या काढून वरच्या फळीवर ठेवा. पाहुणे आले तरी त्या खाली काढायच्या नाहीत. त्या तुमच्या.